बुंध्यावरचा फणा

केळी काल संध्याकाळपासून डिकीतच राहिली होती. ती काढायला म्हणून यशस्विनी फाटकाबाहेर आली, स्कूटरच्या सीटवर हात टेकला आणि तळवा तपकिरी झाला. धूळ, असं म्हणून तिने तो पदराला पुसायलाच घेतला होता. नागपंचमीचा दिवस, अंगावर माहेरची नवी साडी, आत आई दूध तापवून हाका मारते आहे, अशा वेळी कोण धुळीची चौकशी करत बसतं? पण हात पदरापाशी जाऊन थांबला. धूळ इतकी मऊ नसते. धूळ बोटांत चुरली की कचकचते. ही कोकोच्या पुडीसारखी नुसती पसरत गेली आणि अंगठ्याच्या रेषांत जाऊन बसली. तिने हात नाकाशी नेला. वास असा काही नव्हता, किंचित ओल्या लाकडाचा, बस. पोटात काहीतरी खाली सरकलं. ते बाळ नव्हतं. बाळ अजून एवढं हलत नव्हतं. हे दुसरंच, कामावर असताना व्हायचं ते. एखाद्या पानाच्या पाठीमागे बोट फिरवावं आणि बोटाला चिकट लागावं, तेव्हा व्हायचं ते.

काम म्हणजे झाडं ओळखण्याचं नव्हे, झाडांची दुखणी ओळखण्याचं. शहराबाहेरच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या आवारात हिरवळ, कुंपणं, ताटवे आणि उंच झाडं मिळून जेवढं हिरवं होतं तेवढं यशस्विनीच्या ताब्यात होतं, आणि सकाळी भिंग गळ्यात अडकवून ती फिरायला लागली की माळी मंडळी आपसांत म्हणत, डॉक्टरांचा राउंड सुरू. जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस दिसला की पिठ्या ढेकूण. कण्हेरीच्या कोवळ्या फांदीवर पिवळे ठिपके हलले की मावा. पानं काजळीने काळी झाली म्हणून धुवायला निघालेल्या माळ्याला ती थांबवायची, वर बघ म्हणायची, काजळी खाली असते पण कीड वर असते. हिरवळीतला लव्हाळा, कुंपणातलं गाजरगवत, आंब्यावरचं बांडगूळ, सगळ्यांशी तिची तोंडओळख होती. ओळखण्याची तिची पद्धत मात्र उलटी होती. हे काय आहे, असं ती कधी विचारायची नाही. हे काय काय नाही, ते आधी. आताही फाटकाशी उभी राहून, आईची तिसरी हाक ऐकत, ती तेच करू लागली. परागकण? डोक्यावरच्या गुलमोहराचा बहर कधीच संपला. खोडकिड्याचा भुसा? तो जाड असतो, दाणेदार, आणि बुंध्याशी ढिगाने पडतो. रस्त्यावरचं बांधकाम? नाही. शेजारच्या ऑटोच्या टपावर तपकिरी थर होता, झाडाच्या बाजूला गडद, पलीकडे फिका. फाटकाच्या वरच्या दांडीवर होता. आईने पहाटे काढलेल्या रांगोळीच्या पांढऱ्या रेषांवरही होता. एक एक पर्याय गळत गेला आणि शेवटी जे राहिलं त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. तिने केळी काढली, डिकी बंद केली.

"काय गे, केळी आणायला गेलीस का केळीची बाग लावायला?" तिची आई गोदावरीबाई दारात आली. मैसूरच्या मंडी मोहल्ल्याच्या बोळात वाढलेली बाई, आवाजाला कुलूप ठाऊक नाही. "सीतालक्ष्मी येऊन उभी आहे झाडाखाली. दूध निवून चाललं."

"आले," यशस्विनी म्हणाली, आणि आली नाही.

झाडाखाली. तिथे बघायचं ती टाळत होती, आणि टाळायची सवय आजची नव्हती. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्यांदा पोट रिकामं झालं तेव्हा ती आईकडे येऊन पडली होती. तिचा नवरा उदय शनिवारी कृष्णराजनगरच्या बँकेतून थेट इकडे यायचा, खुर्चीत बसून राहायचा. त्या दिवसांत एका सकाळी गोदावरीबाई धावत आत आली होती, हातातला झाडू तसाच. नागप्पा आलाय म्हणाली. कुठे? समोर, गुलमोहराच्या मुळाशी, फणा काढून. यशस्विनी उठली नव्हती. दुपारपर्यंत गल्लीतल्या चार बायका येऊन गेल्या होत्या, तांबूस चकचकीत फण्याला हळद फासली गेली होती, कुंकवाची बोटं उठली होती, आणि शेजारच्या सीतालक्ष्मीने घरातलं चांदीचं निरांजन आणून ओवाळलं होतं. हिच्या घराण्यात नागदोष आहे, आजेसासऱ्याने वारूळ फोडलं होतं, म्हणून पोरीची कूस राहत नाही, हे सगळं बायकांनी आपसांत ठरवूनही टाकलं. संध्याकाळी आईने तिला हाताला धरून नेलं. यशस्विनी वाकली आणि तिने डोळे मिटले. पानाची पाठ उलटून पाहिल्याशिवाय जिला चैन पडत नाही, ती डोळे मिटून वाकली. मिटण्याच्या आधी एक पांढरी कड दिसली होती, हळद न पोचलेली, बोटाच्या नखाएवढी. तेवढीच. आईचा विषय आहे, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, असं तिने उदयला सांगितलं. स्वतःला मात्र तिने काहीच सांगितलं नव्हतं, कारण त्या संध्याकाळी कपाळ मुळाला टेकलं तेव्हा तिनेही मागितलं होतं, शब्दांत, नीट, मला एक दे म्हणून.

आणि मिळालं. हीच तर अडचण होती. चैत्रात दिवस राहिले, राहिले ते टिकले, आणि त्याच सुमाराला मोठ्या फण्याशेजारी दोन छोटे फणे उगवले. नागप्पाची पिल्लं, असं म्हणून गोदावरीबाई हसता हसता रडली होती. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक तपासणीला सगळं ठीक म्हणावं आणि आईने त्या संध्याकाळी जाऊन पिल्लांना दूध घालावं, असं गेले तीन-चार महिने चाललं होतं. यशस्विनी माहेरी आली की स्कूटर त्याच झाडाखाली लावायची आणि बुंध्याकडे पाठ करून आत जायची. कामावरचं भिंग गळ्यातून काढून डिकीत टाकल्याशिवाय ती ह्या गल्लीत शिरायची नाही. सवयच झाली होती, आणि सवयीला कारण लागत नाही, असं ती मानत आली होती.

आता तिने वळून पाहिलं. वाऱ्याने झाड हलत होतं. आषाढातलं वारं अजून पुरतं पडलं नव्हतं, वरची हिरवी छत्री एका अंगाला झुकून परत येत होती. छत्री दाट होती, एक पान पिवळं नाही. कुणीही म्हटलं असतं, काय देखणं झाड. मागच्या वर्षी आवारातला गुलमोहर असाच देखणा होता. वारा नाही, पाऊस नाही, लख्ख सकाळी तो मुळासकट आडवा झाला, मोटारसायकलींची शेड चेपून. पहारेकरी चहा आणायला गेला होता म्हणून वाचला. खड्ड्यात उतरून तिने मुळं हातात घेतली होती. ती हातात चुरली, चहात बुडवलेल्या पावासारखी. त्या झाडाच्या बुंध्याशी तांबूस, चकचकीत, पंख्याच्या आकाराची अळंबी होती, पांढऱ्या कडेची, आणि तिच्या भोवतीच्या पानांवर कोकोसारखी पूड. तिने माळ्यांना सगळ्यांना बोलावून ती दाखवली होती. ही दिसली की झाड गेलं समजा, ती म्हणाली होती. ही रोगाची सुरुवात नाही, शेवट आहे, आत सगळं खाऊन झाल्यावर ही बाहेर तोंड काढते. हे बोलताना तिचा आवाज किती स्वच्छ होता ते तिला आठवलं.

ती झाडाशी गेली. सीतालक्ष्मीने पाटावर वाट्या मांडल्या होत्या, पलीकडच्या घरातली नव्या आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, अन्विताला, कडेवर घेऊन उभी होती, आणखी तिघी-चौघी येत होत्या, पदरांत फुलं, हातांत तांबे. पहाटे आईने फासलेली हळद अजून ओली असायला हवी होती, पिवळी दिसायला हवी होती. ती तपकिरी झाली होती. मोठ्या फण्याच्या खालून पूड झडत होती आणि छोट्यांच्या डोक्यावर बसत होती. अर्ध्या वर्तुळात माती दुधाने कायमची ओली राहिली होती. एवढे लाड करून वाढवलेली बुरशी तिने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. पाटावरचा रिकामा तांब्या तिने उचलला आणि त्याच्या बुडाने खोडावर ठोकलं. रस्त्याकडच्या बाजूला टण्ण. हात पुढे सरकवून पुन्हा, टण्ण. फण्याच्या वर, घराकडच्या बाजूला, ढब्ब. तिने पुन्हा ठोकलं. ढब्ब. छातीच्या उंचीपर्यंत तो आवाज वर चढत गेला होता.

"अय्यो, दुधाचा तांब्या आहे तो, काय करतेस गे?" सीतालक्ष्मीने तिच्या हातातून तो काढूनच घेतला.

"सीतक्का, आज इथे कुणी थांबायचं नाही," यशस्विनी म्हणाली. "झाड आतून पोकळ झालंय. हे पडणार."

"हे?" सीतालक्ष्मीने मान वर केली. "नोडु तरी वर. पोपटासारखं हिरवं आहे."

"पडताना हिरवंच असतं. अन्विताला घेऊन त्या बाजूला जा आधी, नव्या."

नव्याने मुलीला घट्ट धरलं, पण ती हलली नाही. तिने सीतालक्ष्मीकडे पाहिलं. एक बाई हसली. दुसरी म्हणाली, पाचवा महिना, मन असंच होतं, मला तर पंखा अंगावर पडेलसा वाटायचा. सगळ्या हसल्या, मायेनेच हसल्या. यशस्विनीला रडू आलं. हे काय आहे, ते सांग की मग, असं कुणीतरी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. नाव तिच्या जिभेवर होतं, लॅटिन नाव, माळ्यांना पाठ करून घेतलेलं. पण कुणी विचारलं नाही, कारण ते काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. आणि तिला? त्या बायकांच्या मध्ये उभी राहून ती स्वतःच्या पोटावर हात ठेवून होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. रोग म्हणायचं म्हणजे तोंडाने म्हणायचं, मोठ्याने, त्याच्यासमोर. ज्याने दिलं त्याच्यासमोर. मूर्खपणा आहे, ती स्वतःला म्हणाली. वारा आला, वर कुठेतरी लाकूड करकरलं, एकदाच, आणि कुणीही मान वर केली नाही. गल्लीतून शाळेला सुट्टी असलेली पोरं सायकली घेऊन येत होती.

नगरपालिकेला फोन केला तर सणाच्या दिवशी कोण येणार, आले तर उद्या. उद्याचं काही नव्हतं. प्रश्न आत्ताचा होता, ह्या बायका खाली बसणार, एकेक जण तनी घालणार, म्हणजे फण्यावर दूध ओतणार, आरत्या म्हणणार, त्याचा. आणि एक गोष्ट तिला लख्ख दिसत होती: फणा आहे तोवर ह्या हलणार नाहीत. फणा निघाला आणि आतलं लाकूड दिसलं, की पळतील. ती स्कूटरपाशी परत गेली आणि डिकीतून छाटणीची सुरी काढली.

आज सुरी काढायची नसते. मैसूरच्या राजाच्या फौजेत आलेल्या ह्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या बरंच काही सोडलं, आईच्या मराठीत अर्धं कन्नड आलं, यशस्विनी तर पैपाहुण्यांशी बोलताना शब्द शोधत बसायची, पण नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, हे सुटलं नाही. काल रात्रीच गोदावरीबाईने विळी पाडून तिच्यावर फडकं टाकलं होतं, सुऱ्या डब्यात घातल्या होत्या. आज स्वयंपाकात नुसती उकडलेली दिंडं. लहानपणी ह्या दिवशी यशस्विनीने पेन्सिलीला टोक केलं म्हणून मार खाल्ला होता. नोकरी लागल्यापासून ती ह्या दिवशी न चुकता रजा घ्यायची, आणि कारण विचारलं तर सण आहे म्हणायची, कात्री धरायची नसते असं कधी म्हणाली नाही. सुरीची मूठ हाताला ओळखीची होती. पातं उघडताना खट्ट आवाज झाला आणि बायकांनी वळून पाहिलं.

"मुट्टबेडा!" सीतालक्ष्मी ओरडली. "हात नको लावू! गोदक्का, बाहेर ये, तुझी पोरगी बघ काय करायलीय!"

गोदावरीबाई बाहेर आली. दुधाचं पातेलं तिच्या दोन्ही हातांत होतं, त्यामुळे तिला धावता येईना. ती सांडू न देता चालत आली, आणि तेवढ्या वेळात यशस्विनी फण्यासमोर गुडघे टेकून बसली होती. जवळून तो फार सुंदर होता, हे तिला मान्य करावं लागलं. लाखेचं पॉलिश केल्यासारखी पाठ, वळ्यावळ्यांनी वाढत गेलेली, प्रत्येक वळी म्हणजे एक वाढ. तिने सुरी देठाला लावली. बोटं पांढरी पडली. पातं आत शिरेना, कारण ती ढकलतच नव्हती. दोन वेळचं रिकामं परत येणं तिला आठवत नव्हतं, फक्त त्या वेळची इस्पितळाची हिरवी चादर आठवत होती. काप, ती स्वतःला म्हणाली, नुसती अळंबी आहे, आवारात शंभर काढल्यास. वर पुन्हा करकरलं. हात हलला नाही.

"उठ," आई मागून म्हणाली.

"अम्मा, झाड पडेल. खरंच पडेल. तुम्ही सगळ्या..."

"उठ म्हणते ना. पोटुशीने सुरी धरायची नसते आज. आण ती."

"तू काढणार?"

"मी काढते."

"पण तुझा विश्वास नाही ना माझ्यावर? तुझ्या मते तो नागप्पाच ना?"

गोदावरीबाईने पातेलं पाटावर ठेवलं. "नागप्पाच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तू नको. दोष लागायचाच असला तर मला लागू दे. मी जगून झाले गे." हे तिने भाजी निवडताना बोलावं तसं म्हटलं, सुरी घेतली, मिटली, कमरेला खोचली. सुरी तिला नकोच होती. सीतालक्ष्मी रडत होती, गोदक्का बेड, बेड गे, नको गे, म्हणत होती. गोदावरीबाई वाकली, तिने डोकं टेकलं, ओठ हलले. मग दोन्ही हातांनी फणा धरला आणि पिळला.

तो तुटला नाही, उचकटला. त्याच्याबरोबर परातीएवढी साल आली, आणि सालीच्या मागे जिथे लाकूड हवं तिथे पांढरा, ओला, दोरेदोरे सुटलेला लगदा होता. घाण वास सुटला. गोदावरीबाईचा तोल गेला, फणा एका हातात राहिला आणि दुसरा हात त्या लगद्यात गेला, कोपरापर्यंत गेला, आणि तरी कशाला लागला नाही. क्षणभर सगळ्या ते बघत राहिल्या. मग नव्या किंचाळली आणि पोरीला घेऊन पळत सुटली, मागोमाग बाकीच्या, वाट्या लवंडल्या, पातेलं उलटलं, सीतालक्ष्मी सायकलीवरच्या पोरांना हात करून परत फिरवत होती. यशस्विनीने आईला दंडाला धरून खेचलं आणि दोघी रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीशी आल्या, तेव्हाच थांबल्या.

वारा पडला होता. झाड उभंच होतं, हिरवंगार. यशस्विनी पहिल्यांदा श्वास घेऊ शकली, आणि त्या श्वासाबरोबर तिला सुटल्यासारखं वाटलं, पायांपासून वरपर्यंत. बायका वाचल्या म्हणून, असं तिला वाटून घ्यायचं होतं. ते तसं नव्हतं. माझ्या हातून झालं नाही, बाळावर आलं नाही, आईवर गेलं, एवढंच मनात आलं होतं. तिला त्याची भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते मनातून गेलं नाही.

गोदावरीबाईच्या हातात अजून तो फणा होता. टाकावा कुठे हे तिला कळत नव्हतं. भिंतीवर ठेवायला गेली, पुन्हा उचलला. कोपरापर्यंत लगदा, कपाळाला माती. आवाजाची बाई, पण आता फार हळू बोलली.

"यशू, तुला कळतं झाडांचं. सगळे विचारतात तुला." ती थांबली. तिने फणा लेकीपुढे केला. "रोगच ना गे हा?"

यशस्विनीने त्याच्याकडे पाहिलं. पाठ, कड, खालची पांढरी बाजू, तुटलेल्या जागी तपकिरी बुचासारखा गर. एकूण एक खूण जुळत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्या खुणा जुळूनही तिला खात्री वाटत नव्हती.

"रोगच," ती म्हणाली. तिने तो आईच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. "अम्मा, नुसता रोग आहे. बघ, मी धरलाय."